घडीत राहिलेला जोड

मंगळवारी दुपारी शाळेच्या ऑफिसात फोन आला. पाचवा तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दाराशी आला, मी खडू ठेवला आणि खाली गेले. ताई म्हणाली, "मालू, हे गेले. दुकानात खुर्चीवर बसले होते. शेजारच्या टायरवाल्याने पाहिलं." मी विचारलं, "तुझ्याजवळ कोण आहे?" ती म्हणाली, "तू ये." मी वर्गात परत गेले, धडा कुठपर्यंत झाला ते मुलींना वहीत लिहून ठेवायला सांगितलं, पर्स घेतली आणि निघाले.

त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला आलेल्या नातेवाइकांपैकी बहुतेकांना एवढंच माहीत होतं की रघुनाथ भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, "गाड्यांचं वायरिंग" करत. एक आजोबा तर शोकाच्या भरात म्हणाले, "रेडिओ फार छान दुरुस्त करायचा हो." भाऊजींनी आयुष्यात रेडिओ उघडला नव्हता. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. त्यांचं काम नेमकं काय होतं हे त्या घरात ताईखालोखाल मलाच माहीत होतं, आणि त्या कामातली एक गोष्ट तर ताईलाही माहीत नव्हती. ती सांगायची म्हणून हे लिहिते आहे.

कल्याणहून शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. सुरुवातीला ट्रकचे सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, मागचे दिवे. मग त्या बाजूच्या दगडखाणींवर आणि पुढे घोडबंदर रोडला इमारतींचे पाये खणायला पोकलेन येऊ लागले. लांब हाताचं, साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं ते खोदायचं यंत्र आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. तेव्हा ते बघायला माणसं रस्त्याकडेला थांबत. पहिल्या पोकलेनमध्ये विजेचं काम जेमतेम होतं, बॅटरी, स्टार्टर, दोन दिवे. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जी नवी मशीन्स आली त्यांत तेल आणि वीज एकमेकांत मिसळून गेली होती. यंत्राचा हात हलतो तो तेलाच्या दाबावर, पण ते तेल कुठे जाऊ द्यायचं आणि कुठे अडवायचं हे विजेवर उघडणाऱ्या झडपा ठरवतात. अशी झडप उघडली नाही तर जुने मेकॅनिक पंप खोलून बसत. चार दिवस पंप खोलायचा, काही सापडायचं नाही, परत जोडायचा. आणि रोग असायचा बोटभर तारेत.

भाऊजी एक साधी युक्ती करत. झडपेला जी तार जाते तिच्यावरून एक छोटा दिवा जोडून घ्यायचा आणि तो लांब वायरीने केबिनच्या काचेपाशी आणून टांगायचा. मग मशीन कामाला लावायचं. "मशीन बंद पडलं आणि दिवा लागलेलाच राहिला, तर रोग तेलात," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "दिवा पण गेला, तर रोग तारेत. तेवढं कळलं की अर्धं काम झालं. लोकांना धीर नसतो, मालू. दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं..."

माझा या सगळ्याशी संबंध आला तो इंग्रजीमुळे. मशीनबरोबर येणारी जाडजूड पुस्तकं इंग्रजीत असत. भाऊजींचं शिक्षण आठवीपर्यंतचं. मी ठाण्याला नौपाड्यातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे रविवारी सकाळी ते पुस्तक बगलेत मारून माझ्याकडे येत, ताईने दिलेला डबा टेबलावर ठेवत आणि म्हणत, "चला बाई, शाळा भरवा." मी वाचायची, मराठीत सांगायची. मला शब्द कळायचे, वस्तू कळायची नाही. त्यांना वस्तू दिसायची. मधेच हात वर करून म्हणत, "थांब. हे असं नसणार, परत वाच." मी परत वाचलं की नव्वद टक्के वेळा माझीच ओळ चुकलेली असायची. मेहुणीची थट्टा करण्याचा त्यांचा हक्क त्यांनी बाकी कधी वापरला नाही, या बाबतीत मात्र म्हणायचे, "मुलींना असंच शिकवतेस का? मग नापास झाल्या तर त्यांना मारू नकोस."

एकदा एका इंजिनिअरने त्यांना नव्या मशीनचं पुस्तक फक्त एका रविवारपुरतं दिलं. त्यात शेवटी विजेच्या सगळ्या तारांचा एक मोठा नकाशा होता, आठ घड्या घातलेला. एवढ्या मोठ्या कागदाची झेरॉक्स स्टेशनजवळच्या दुकानात निघेना. मी म्हटलं, मी उतरवून देते. जमिनीवर कागद पसरला, वर बटर पेपर लावला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक रेघ उतरवली. इंग्रजी नावांच्या जागी मराठी लिहिलं. भाऊजी मधे दोनदा येऊन नुसते बघून गेले. पूर्ण झाल्यावर त्यांनी तो पातळ प्लायवूडवर चिकटवून घेतला, वरून प्लॅस्टिक लावलं. जिथे काम असेल तिथे तो पिशवीतून नेत. कोणी विचारलं की सांगत, "आमच्या मेहुणीने काढलाय. यात चूक निघणार नाही." हे ऐकून मला किती बरं वाटायचं ते आता लिहायला नको.

घोडबंदर रोडजवळ एका डोंगराच्या पायथ्याशी पाया खणायचं काम चालू होतं. तिथल्या मशीनवर बाळाराम नावाचा ऑपरेटर होता. शीळ रस्त्याच्या आतल्या गावातला, आगरी घरातला, चांगला सहा फूट उंच. त्याचं मशीन दिवसातून दोन-तीनदा कामाच्या मधेच गप्प व्हायचं. इंजिन चालू, पण हात, बकेट, फिरणं, सगळं एकदम थांबायचं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायचं. आता अडचण अशी होती की ऑपरेटरच्या डाव्या हाताशी एक लाल दांडा असतो. केबिनमधून उतरताना तो वर करायचा, म्हणजे कोणाचा धक्का लागला तरी यंत्र हलत नाही. तो दांडा वर केला की मशीन अगदी असंच गप्प होतं. कंत्राटदार म्हणत होता, दांडा हाच वर करतो, विडी ओढायला. बाळाराम म्हणत होता, मी हात लावत नाही. या दोघांत खरं कोण हे ठरवायला भाऊजींना बोलावलं होतं.

ते दोन दिवस त्या मशीनवर होते. स्वतः केबिनमध्ये बसले, स्वतः चालवलं. दोन दिवसांत मशीन एकदाही बंद पडलं नाही. माझ्या नकाशाप्रमाणे त्यांनी दांड्याखालचं बटण तपासलं, ते चांगलं होतं. झडप तपासली, तीही चांगली होती. नकाशात या दोहोंच्या मधे एकच अखंड तार होती. मशीन उभं असताना या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं, वीज जात होती. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराने विचारलं, "बोला मिस्त्री." भाऊजी म्हणाले, "तारेत दोष नाही." तेवढंच म्हणाले. कंत्राटदाराने बाळारामला सगळ्यांसमोर खाली उतरवलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे बरोबर पकडलंत त्याला." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी पुढचं पान वाचायला घेतलं.

दोनेक महिन्यांनी त्याच मशीनवर दुसरा ऑपरेटर होता, आणि मशीन पुन्हा गप्प व्हायला लागलं. यावेळी तर दिवसातून दहा वेळा. भाऊजींनी दिवा टांगला आणि खाली दगडावर बसून राहिले. तासाभरात मशीन थांबलं आणि दिवा गेला. मग त्यांनी सीटच्या मागचा पत्रा उचलला. खाली तारांच्या जुडग्यात एक प्लग होता, दोन तारांना जोडणारा. आत हिरवा गंज, एक पिन सैल. माझ्या नकाशात तिथे प्लग नव्हता.

त्या रविवारी ते आले तेव्हा हातात डबा नव्हता, नुसता तो प्लायवूड होता. टेबलावर ठेवून म्हणाले, "मालू, मूळ कागदाला इथे घडी होती का गं?"

मी पाहिलं. पाहायची गरज नव्हती. मला ती जागा आठवत होती. दोन घड्या एकमेकींना छेदत होत्या तिथली शाई झिजून गेली होती. रेघ एका बाजूने येत होती, दुसऱ्या बाजूने पुढे जात होती. मी पट्टी ठेवली आणि मधलं अंतर जोडून टाकलं.

"होती," मी म्हटलं.

"हं." त्यांनी चहा संपवला. मग प्लॅस्टिक कोपऱ्यातून सोडवलं, माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि त्या रेघेवर एक लहानसा चौकोन काढला. पेन्सिल परत देताना म्हणाले, "मी दोन दिवस त्या प्लगवर बसलो होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "पुढच्या रविवारी बाळारामच्या गावी जायचंय. येतेस?"

मला का नेलं ते मला तेव्हा कळलं नाही. डोंबिवलीहून रिक्षा केली, पुढे शेतातून चालत गेलो. भात कापून झालं होतं. बाळारामच्या घराच्या ओटीवर त्याचे वडील बसले होते, बायको सूप घेऊन तांदूळ निवडत होती. बाळाराम आता वीटभट्टीवर कामाला जायचा. तो आंघोळ करून बाहेर येत होता. आम्हाला पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

वडिलांनी विचारलं, "यो तोच का रं, वायरवाला?"

"बाबा, गप ऱ्हा," बाळाराम म्हणाला.

"तोच मी," भाऊजी म्हणाले. ते उभेच होते. "बाळाराम, तारेत दोष होता. मला सापडला नाही. तू खरं सांगत होतास."

मग त्याची बायको सुपावरची नजर न काढता म्हणाली, "आता सांगून काय? नाक्यावरची पोरं याला लाल दांडा बोलून हाका मारतान. दुसरा कोन सीटवर बसवत नाय याला. बोलतान, नाटक्या हाय."

मला पाणी आणून दिलं होतं, तो पेला माझ्या हातात होता. ते बोलायचं होतं तर त्या क्षणी. चूक भाऊजींची नाही, रेघ मी ओढली. वर्गात मुलींना मी दर वर्षी सांगते, की चुकलं तर उभं राहून सांगावं... मी पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

ते ओटीच्या कडेला बसले आणि बाळारामला म्हणाले, "एक सांग. मशीन बंद पडायचं तेव्हा तू काय करत असायचास?"

"मना आधी कोनी इचारला नाय."

"नाही विचारलं. आता विचारतोय."

बाळाराम ओटीच्या दुसऱ्या कडेला बसला. मग म्हणाला, "सीट मागं घेतली का व्हायचा. दुपारी पाय आखडतान माझं, मंग मी सीट पार मागं घ्यायचू. पुढं घेतली का परत चालू."

सीट मागे सरकली की तिची पट्टी त्या तारांवर दाबून बसत होती. भाऊजी पाच फूट दोन इंच. ते केबिनमध्ये चढले की पहिली गोष्ट सीट पुढे ओढून घेत. दोन दिवस ते पुढे ओढलेल्या सीटवर बसून दोष यायची वाट पाहत होते.

"तू हे मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"दोनदा आलू व्हतू सांगाया. तुमी नकाशा बघत व्हताव. बोललाव, थांब जरा."

परत येताना शेतातून रिक्षापर्यंत ते माझ्यापुढे चालत राहिले.

त्यानंतर त्यांनी काय काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाळारामला घेऊन ते त्या कंत्राटदाराकडे गेले आणि ज्या माणसांसमोर त्याला उतरवलं होतं त्यांना गोळा करून सांगितलं, "दोष मशीनचा होता आणि चूक माझी." कंत्राटदार म्हणाला, "जाऊ द्या ना मिस्त्री, झालं ते झालं." भाऊजी म्हणाले, याला सीटवर बसवा. तो म्हणाला, मशीन माझं, बसवायचं कोणाला ते मी बघेन. त्या माणसाच्या मशीनला भाऊजींनी पुन्हा हात लावला नाही. मग त्यांनी एका खाणमालकाकडे बाळारामसाठी शब्द टाकला, आणि तो तिथे लागला. नाक्यावरच्या पानाच्या टपरीवर उभं राहून त्यांनी पोरांना सीट, प्लग, तार सगळं समजावून सांगितलं म्हणे. लाल दांडा हे नाव त्यामुळे पूर्ण पुसलं गेलं असं नाही. पण निदान ते नाव का पडलं होतं हे सांगताना लोक पुढची गोष्टही सांगू लागले.

या सगळ्यात नकाशा कोणी काढला हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. ताईलाही त्यांनी सांगितलं नाही. रविवारी ते येत राहिले, मी वाचत राहिले. नकाशे मात्र मी पुन्हा उतरवले नाहीत, आणि त्यांनी मागितले नाहीत. आठ वर्षं मी वाट पाहिली, की ते कधीतरी चिडून, थट्टेत का होईना, त्या रेघेबद्दल बोलतील. मग मलाही बोलता येईल. त्यांनी ती सोय मला करून दिली नाही. आणि आता ते बोलणार नाहीत.

बाराव्याच्या दिवशी बाळाराम डोंबिवलीला ताईच्या घरी आला. केस पिकलेत. ताईला नमस्कार करून दाराजवळ बसला, चहा नको म्हणाला. माणसं जेवायला बसली तेव्हा तो गॅलरीत उभा होता. मी त्याच्याजवळ गेले. मनात इतक्या वेळा घोकलं होतं की शब्द पाठ म्हटल्यासारखे आले. "बाळाराम, तुझी नोकरी गेली तेव्हाचा तो नकाशा मी काढला होता. चूक माझी होती. त्यांची नव्हती."

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतान? खाली कोपऱ्यात तुमचा नाव व्हता ना. मालती आनि आडनाव, बारीक अक्षरात. दोनदा सांगाया आलू तवा उभ्या उभ्या वाचला मी."

सही केली होती मी. त्या नकाशावर मी सही केली होती, हे मी विसरले होते.

"मग गावी आलो होतो तेव्हा तू का बोलला नाहीस?"

"बाई, नकाशा चुकला त्याचा मना तवा पन काय नव्हता, आता पन नाय. तो कागद हाय. मी समोर उभा व्हतू, मना इचारला नाय, त्याचा लागला. त्यांना तो कलला. त्या दिशी घरी आले ते त्याच्यासाठीच आले." मग जरा हसून म्हणाला, "तुमाला अजून आपली रेघच दिसते."

आतून कोणीतरी त्याला जेवायला हाक मारली. तो गेला. मी तिथेच उभी राहिले. आठ वर्षं मी समजत होते, की ते माझी चूक आपल्या अंगावर घेऊन झाकत आहेत. ते स्वतःची चूक सांगत होते. माझ्या रेघेची त्यांना त्या ओटीवर आठवणही झाली नसेल... किंवा झाली असेल. मला का नेलं होतं, तर मी कबूल करावं म्हणून, हे मी रचलेलं उत्तर आता मला पटत नाही, आणि दुसरं माझ्याजवळ नाही.

गेल्या आठवड्यात ताई आणि मी दुकान आवरायला गेलो. हत्यारं शेजारच्या टायरवाल्याने ठेवून घेतली. टेबलाच्या खालच्या खणात लांबट वह्या होत्या, मी त्या पूर्वी पाहिल्या नव्हत्या. एका मशीनला एक पान. वर मशीनचा नंबर असेल असं मला वाटलं होतं. वर ऑपरेटरचं नाव आहे, मग गाव, मग तो काय म्हणाला ते त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं. कोणी म्हणालंय, "सकालचा बरा चालतो, जेवल्यावर आलसावतो." कोणी म्हणालंय, "पाजी, राइट घुमाओ तो झटका देता है." एका पानावर नुसतं "हा काही बोलत नाही, उद्या परत विचारणे" एवढंच आहे. त्याखाली तारांचं चित्र, पेन्सिलीने, हाताने काढलेलं. सगळ्यात खाली दोष काय निघाला ते.

वह्या अकरा आहेत. ताईने त्या मला दिल्या. अकराव्या वहीतलं शेवटचं लिहिलेलं पान टिटवाळ्याच्या एका ऑपरेटरचं आहे. त्याचं म्हणणं चार ओळींत लिहून घेतलं आहे. त्याखालचा कागद कोरा आहे.